ऊस आणि भाताच्या शेतीला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवायचे आहे : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : करवीर तालुका, भोगावती काठ

नमस्कार मंडळी. आमची साडेतीन एकर जमीन आहे. त्यातील सुमारे दोन एकरांत ऊस असतो, एका तुकड्यात पावसाळी भात होतो आणि विहिरीजवळच्या थोड्या जागेत घरापुरता भाजीपाला निघतो. गेल्या हंगामापासून भाजीपाल्यावर आणि भातावर आम्ही कोणतेही रासायनिक औषध मारलेले नाही, परंतु उसाला युरिया आणि तणनाशक अजून चालू आहे. यापुढे सगळी जमीन सेंद्रिय पद्धतीखाली आणावी, कारखान्याला ऊस घालण्याऐवजी त्याचा गूळ करावा आणि तो रीतसर प्रमाणपत्रासह विकावा, असा घरात विचार पक्का झाला आहे.

मात्र माहिती घ्यायला लागल्यापासून गोंधळच वाढला आहे. कोणी सांगतो की तीन वर्षे थांबावे लागते, तर कोणी म्हणतो की माती तपासून घेतली की झाले. मध्यंतरी एक गृहस्थ घरी येऊन, ठरावीक रक्कम दिल्यास काही महिन्यांतच प्रमाणपत्र हातात देतो, असे सांगून गेले. शेताच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांचा रासायनिक ऊस आहे, पाणी सहकारी उपसा योजनेच्या सामाईक पाटातून येते आणि सातबारा माझ्या व धाकट्या भावाच्या नावे एकत्र आहे. अशा परिस्थितीत प्रमाणपत्र मिळू शकते का, ते कोण देते आणि आज पहिले पाऊल कोणते उचलावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त कृषी अधिकारी, कोल्हापूर

दादा, सर्वप्रथम त्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्यावा. सेंद्रिय प्रमाणपत्र हे मालाचे नसून पद्धतीचे असते. जमीन कशी कसली, तिच्यात काय घातले, बियाणे कोठून आणले, माल कशात भरला आणि कोणाला विकला, या संपूर्ण साखळीची पाहणी करून ते दिले जाते, त्यामुळे केवळ मातीचा किंवा गुळाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून ते मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नमुन्याची तपासणी होते, पण ती शंका असेल तेथे खातरजमा करण्यासाठी. नमुना स्वच्छ निघाला म्हणून शेत सेंद्रिय ठरत नाही.

आपल्या देशात यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा, म्हणजेच एनपीओपीचा. तो केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाचा असून 2001 पासून चालू आहे आणि त्याची अंमलबजावणी अपेडा ही शेतमाल निर्यातीचे काम पाहणारी संस्था करते. त्यात शासनमान्य प्रमाणन संस्था, खासगी असो वा राज्य सरकारची, शुल्क घेऊन तिऱ्हाईत या नात्याने आपल्या शेताची दर वर्षी तपासणी करते. दुसरा मार्ग पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचा. तो कृषी मंत्रालयाचा आहे. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो आणि त्या पाहणीच्या आधारे विभागीय परिषद प्रमाणपत्र मंजूर करते. परदेशात माल पाठवायचा असेल तर पीजीएस चालत नाही, तेथे एनपीओपी लागते, आणि अमेरिकेसाठी तर त्या देशाच्या नियमांनुसार वेगळे प्रमाणीकरण करून घ्यावे लागते. देशातल्या विक्रीसाठी मात्र दोन्ही प्रमाणपत्रे ग्राह्य आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2017 च्या सेंद्रिय अन्नविषयक नियमांनी या दोन्ही पद्धतींना मान्यता दिलेली असून, अशा मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह लावता येते. लहान उत्पादकाने स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकल्यास त्याला या नियमांतून सवलत आहे, मात्र त्याला ते चिन्ह वापरता येत नाही. म्हणजेच दारात येणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना गूळ विकायचा असेल तर प्रमाणपत्राची घाई नाही. दुकानदार, व्यापारी किंवा पुण्या-मुंबईचा खरेदीदार मधे आला की ते लागते. म्हणून माल कोठे विकणार हे आधी ठरवावे, कारण कोणता मार्ग धरायचा हे त्यावरच ठरते.

आता कालावधीविषयी. रासायनिक पद्धतीतून सेंद्रिय पद्धतीत जाण्याच्या मधल्या काळाला रूपांतरण कालावधी म्हणतात. भात, भाजीपाला अशा हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षे आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीपूर्वी किमान तीन वर्षे जमीन सेंद्रिय व्यवस्थापनाखाली असावी लागते. या काळात सगळे नियम पाळायचे, परंतु माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, तो ‘रूपांतरणातील’ म्हणूनच विकावा लागतो. जमीन पूर्वीपासून रसायनमुक्त असल्याचा विश्वसनीय पुरावा असेल तर काही अटींवर हा कालावधी कमी करता येतो. तुमच्या भाताच्या तुकड्याला त्याचा लाभ मिळेल की नाही, हे तुम्ही काय लिहून ठेवले आहे यावर अवलंबून राहील. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला तेथे किंमत नाही.

यास्तव पहिले पाऊल हे वहीचे आहे. प्रत्येक गटाचा हाताने काढलेला नकाशा, त्यात विहीर, पाट, बांध, शेजाऱ्याचे पीक. मागील तीन वर्षांत कोणते पीक होते आणि त्यात काय घातले याचा इतिहास. शेवटचे रासायनिक खत किंवा तणनाशक कोणत्या तारखेला पडले. त्यानंतर आणलेल्या प्रत्येक निविष्ठेची (खत, बियाणे, औषध) पावती. किती उत्पन्न निघाले आणि ते कोणाला दिले. सातबारा, आठ-अ, आधार आणि ही वही एवढ्या कागदांवर नोंदणीचा अर्ज होतो. त्यानंतर वार्षिक आराखडा द्यावा लागतो, निरीक्षक येऊन शेत, गोठा, खताचा खड्डा, औषधाची खोली आणि साठवणीची जागा पाहतो, त्रुटी लिहून देतो आणि त्या दूर केल्यावर निर्णय होतो. एनपीओपीमध्ये पुढे माल विकताना त्या त्या व्यवहाराचे स्वतंत्र प्रमाणपत्रही काढावे लागते आणि त्याची नोंद अपेडाच्या संगणकीय प्रणालीत होते. त्यामुळे मंजूर क्षेत्रातून निघू शकेल त्यापेक्षा जास्त माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही.

उसाच्या बाबतीत एक हिशोब आधीच मांडून ठेवावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी सुमारे 160 किलो. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण अर्धा टक्का धरले तर दहा टन शेणखतातून एकरी 50 किलो नत्र येते, आणि तेही पहिल्याच वर्षी पिकाला पूर्ण मिळत नाही. उरलेली भर ताग किंवा धैंचा गाडून, पाचट न जाळता सरीत कुजवून, कडधान्याचे आंतरपीक घेऊन आणि ॲसिटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांसारखी जिवाणू खते वापरून काढावी लागते. तरीही पहिली दोन-तीन वर्षे टनेज कमी येणार हे गृहीत धरावे. हा ऊस कारखान्याला घातला तर इतर उसाइतकाच दर मिळतो, म्हणून सेंद्रिय उसाचा मार्ग गुऱ्हाळाकडे जातो, हा तुमचा विचार योग्य आहे.

उत्तर : भातउत्पादक शेतकरी महिला, आजरा तालुका

नमस्कार दादा. आमचा गट पीजीएसमध्ये आहे आणि आम्ही प्रामुख्याने घनसाळ हा आमच्याकडचा सुवासिक भात करतो. सरांनी नियम सांगितलेच आहेत, त्यामुळे मी गटाचे प्रत्यक्ष कामकाज कसे चालते तेवढे लिहिते.

गट जमवताना संख्येपेक्षा बांधाला बांध लागून असलेले शेतकरी मिळतात का, हे पाहावे. आमच्याकडे पाच-सहा कुटुंबांची शेते एकाच ओढ्याच्या कडेने सलग आहेत, त्यामुळे मधल्या शेतांना वरून येणाऱ्या पाण्याची किंवा शेजारच्या फवारणीची धास्ती उरत नाही. ज्याची जमीन चारही बाजूंनी रासायनिक पिकाने वेढलेली आहे, त्याला संरक्षक पट्टा, म्हणजे ज्यातला माल सेंद्रिय धरला जात नाही अशी बांधालगतची जागा, सोडण्यातच बरीच जागा गमवावी लागते. तुमच्या दोन्ही शेजाऱ्यांपैकी एक जरी गटात आला तरी तुमचा निम्मा प्रश्न सुटेल, म्हणून अर्ज करण्याआधी त्यांच्याशी बोलावे, असे मला वाटते.

गटात येताना प्रत्येकाला शपथपत्र द्यावे लागते आणि पुढे आपली सगळी जमीन सेंद्रियखाली आणण्याची तयारी ठेवावी लागते. एक तुकडा सेंद्रिय आणि दुसऱ्या तुकड्यात तेच पीक रासायनिक, असे कायम चालू ठेवता येत नाही. दर हंगामात गटातील सदस्य एकमेकांच्या शेतावर जाऊन पाहणीचा तक्ता भरतात. आम्ही आमच्यापुरता असा दंडक ठेवला आहे की ज्याने माझे शेत तपासले, त्याचे शेत त्याच हंगामात मी तपासायचे नाही, कारण त्यातून एकमेकांना सांभाळून घेण्याची सवय लागते. गावात नातीगोती असतात आणि भावकीतल्या माणसाच्या शेताबद्दल ‘येथे तणनाशकाची खूण दिसते’ असे लिहिणे जड जाते, परंतु ते लिहिले नाही तर संपूर्ण गटाचे प्रमाणपत्र धोक्यात येते, हे बैठकीत सगळ्यांसमोर आधीच स्पष्ट करून घ्यावे. रूपांतरणाच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ आणि तो पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असा दर्जा मिळतो.

पाहणीत आम्हाला ज्या गोष्टी वारंवार आढळल्या त्या फार साध्या आहेत. पाठीवरचा पंप शेजाऱ्याकडून मागून आणला जातो आणि त्यात आदल्या दिवशी काय भरले होते हे कोणालाच ठाऊक नसते. तो पंप गटाचा स्वतंत्रच हवा. युरियाची रिकामी पोती धुऊन त्यांत भात भरण्याची सवय मोडावी लागते. बियाणे शक्यतो घरचे किंवा सेंद्रिय असावे, ते न मिळाल्यास रासायनिक प्रक्रिया न केलेले चालते, परंतु दुकानातील रंग लावलेले बियाणे चालत नाही. सगळ्यांत जास्त सावध राहावे ते बाटलीवर ‘सेंद्रिय’ किंवा ‘जैविक’ असे लिहिलेल्या तयार औषधांबाबत. अशा काही उत्पादनांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत, म्हणून विकत घेण्यापूर्वीच त्या उत्पादनाला सेंद्रिय निविष्ठा म्हणून मान्यता आहे का, हे तपासावे. निंबोळी अर्क, दशपर्णी, जीवामृत घरी करून वापरले तर ही चिंता राहत नाही.

आणखी एक खुलासा करते, कारण आमच्याकडे येणारे व्यापारीसुद्धा यात गल्लत करतात. आजरा घनसाळ आणि कोल्हापुरी गूळ या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे, पण ते मानांकन माल कोठला आणि कोणत्या गुणांचा आहे हे सांगते. तो सेंद्रिय आहे असा त्याचा अर्थ होत नाही, आणि सेंद्रिय म्हणून विकायचे असेल तर हे प्रमाणपत्र वेगळे घ्यावेच लागते.

उत्तर : गूळउत्पादक, पन्हाळा तालुका

राम राम. गुळासंबंधी विचारले आहे म्हणून लिहितो. ऊस प्रमाणित झाला म्हणजे गूळ आपोआप प्रमाणित होतो, असा आपल्या भागात सर्रास समज आहे. वास्तविक गुऱ्हाळ हा प्रक्रिया उद्योग आहे आणि त्याची नोंदणी व तपासणी शेताहून वेगळी होते. तुम्ही दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर आधण (काहिलीत एका वेळी उकळायचा रस) काढून घेणार असाल तर त्या गुऱ्हाळघराचाही प्रमाणपत्राच्या कक्षेत समावेश असावा लागतो.

भाड्याच्या गुऱ्हाळावर दिवसभर इतरांचा रासायनिक ऊस गाळला जात असतो. त्याच चरक्यातून आणि त्याच काहिलीतून तुमचा रस गेला तर आधीचा रस आणि गूळ त्यात मिसळतो. म्हणून सेंद्रिय उसाचे गाळप वेगळ्या दिवशी किंवा धुलाई करून सकाळच्या पहिल्या आधणाला घ्यावे, चरका, रसाची टाकी, काहील, गूळ निववायचे वाफे आणि ढेपेचे साचे स्वच्छ धुऊन घ्यावेत आणि या धुलाईची तारीख-वेळेसह नोंद ठेवावी. किती ऊस आला, किती रस निघाला, किती गूळ झाला, हा मेळ निरीक्षक हमखास पाहतो.

खरा प्रश्न रंगाचा आहे. बाजारात पिवळाधमक गूळ उठून दिसतो आणि तो रंग आणण्यासाठी अनेक ठिकाणी हायड्रॉस पावडर हे रसायन वापरले जाते. सेंद्रिय गुळात ते अजिबात चालत नाही. मळी काढण्यासाठी रानभेंडीचे चिकट पाणी हा आपल्याकडचा जुना आणि उत्तम उपाय आहे, आणि भेंडी रसायनाशिवाय वाढवलेली असावी. चुना किती आणि कोणत्या दर्जाचा घालणार, हे आराखड्यात लिहून प्रमाणन संस्थेची संमती घ्यावी. असा गूळ तपकिरी, काळसर होतो, आणि सौद्यात (बाजारातील लिलावात) रंगावर दर ठरत असल्याने तेथे त्याला कमी भाव लागतो. मला हे मनापासून खटकते, कारण ज्या गुळाला सर्वांत जास्त कष्ट पडले तोच सौद्यात मागे राहतो. म्हणून सेंद्रिय गूळ नेहमीच्या सौद्यात नेऊ नये, त्याचे गिऱ्हाईक वेगळे शोधावे. एक किलोच्या ढेपा, पावडर आणि काकवी या रूपांत तो चांगला जातो. रसायनविरहित गूळ कसा करावा याचे मार्गदर्शन कोल्हापुरातील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात मिळते. तेथे एकदा गुळव्यालाही सोबत घेऊन जावे, कारण काहिलीपुढे निर्णय तोच घेत असतो.

लागणीबाबत एक सूचना. बेणे लावताना ते कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि कीटकनाशक यांच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत आहे. सेंद्रियमध्ये ती बंद करून ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी आणि ॲसिटोबॅक्टर यांची प्रक्रिया करावी. सध्याच्या रासायनिक लागणीचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटणारे पीक) पुढे ओढण्यापेक्षा तो काढून, एक हंगाम ताग गाडून, मग आपल्याच निरोगी बेणेमळ्यातून नवी लागण करावी.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभारी आहे. एका शेजाऱ्याशी काल बोललो. ते गटात येण्यास अनुकूल आहेत. दुसऱ्या बाजूला मात्र तणनाशक चालूच राहील. सरांना आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. 2019 आणि 2021 च्या महापुरात आमच्या नदीकडच्या अर्ध्या एकरात पाणी शिरले होते. पुन्हा तसे झाले तर प्रमाणपत्राचे काय होते? पाटाच्या पाण्याचे काय करावे? आणि धाकट्या भावाला त्याचा हिस्सा सध्या रासायनिकच ठेवायचा असेल तर सामाईक सातबारा आड येईल का?

उत्तर : निवृत्त कृषी अधिकारी, कोल्हापूर

पुराविषयी आधी सांगतो. महापूर हे आपल्या हातातले नाही आणि पाणी शिरले म्हणून कोणी तुम्हाला दोषी धरणार नाही. परंतु पुराच्या पाण्यातून वरच्या शेतांतील खते-औषधे, शहरातील सांडपाणी आणि गाळ आपल्या रानात येतो, तेव्हा पाणी ओसरताच किती क्षेत्र बुडाले, किती दिवस बुडाले हे छायाचित्रांसह गटाला किंवा प्रमाणन संस्थेला लेखी कळवावे. त्या तुकड्याचे काय करायचे, नमुना तपासायचा की त्या हंगामाचा माल वेगळा काढायचा, हा निर्णय त्यांचा असतो. तुमच्यासाठी सोयीचे म्हणजे नदीकडच्या त्या अर्ध्या एकराला नकाशावर पहिल्यापासून वेगळा क्रमांक द्यावा, म्हणजे उद्या तेथे अडचण आली तरी उरलेल्या शेताला झळ लागणार नाही.

दुसऱ्या शेजाऱ्याच्या बाजूने संरक्षक पट्टा लागेल. त्याची रुंदी वाऱ्याची दिशा, उतार आणि शेजारी काय फवारतो हे पाहून प्रमाणन संस्था किंवा गट ठरवतो. त्या बांधावर शेवरी, गिरिपुष्प किंवा गजराज गवताची दाट ओळ लावावी. गिरिपुष्पाचा पाला हिरवळीच्या खतालाही उपयोगी पडतो. पट्ट्यातील ऊस वेगळा तोडून कारखान्याला घालावा आणि त्याची पावती जपून ठेवावी, कारण तो गुऱ्हाळाकडे गेला नाही याचा तोच पुरावा असतो. शेजाऱ्याच्या रानातले पाणी उताराने तुमच्याकडे येत असेल तर बांधालगत चर काढावा. शक्य झाल्यास त्यांना फवारणी वारा शांत असताना, सकाळी लवकर करण्याची विनंती करावी. उसातील टू-फोर-डी हे तणनाशक वाऱ्याने लांबवर जाते आणि तुमच्या भाजीपाल्याला तर ते थेट जाळते.

पाटाचे पाणी सामाईक असले तरी चालते. त्यात वरच्या बाजूला कोणी खते किंवा औषधे सोडत नाही ना, एवढे पाहावे लागते. उपसा संस्थेकडून पाण्याच्या स्रोताविषयी एक पत्र घ्यावे आणि एकदा पाण्याची तपासणी करून ठेवावी. बाहेरून आणायच्या खतांबाबत मात्र काटेकोर राहावे. मोठ्या पिंजरापद्धतीच्या पोल्ट्रीचे खत आणि शहरी सांडपाण्याचा गाळ चालत नाही, आणि कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ) घ्यायची असेल तर ती टाकण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. आधी टाकून मग विचारू नये.

सातबारा सामाईक असणे हा अडथळा नाही. दोन्ही खातेदारांनी वहिवाटीप्रमाणे कोणाकडे कोणता तुकडा आहे याचे संमतीपत्र करून द्यावे आणि नकाशावर हद्द स्पष्ट दाखवावी. अडचण दुसरीकडे आहे. भावाकडेही ऊसच असेल आणि गोठा, खोली, पंप, अवजारे घरची एकच असतील, तर निरीक्षकाला ते एकच कुटुंब, एकच शेत वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या खतांची पोती आणि औषधे वेगळ्या खोलीत कुलपात ठेवावीत, त्यांच्या खरेदीचा आणि तोडीचा हिशोब स्वतंत्र असावा. त्याहून उत्तम म्हणजे भावालाही निदान तणनाशक सोडण्यापुरते राजी करावे.

खर्चाच्या दृष्टीने, तुमच्या साडेतीन एकरांसाठी एनपीओपीचे वैयक्तिक प्रमाणपत्र परवडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जिल्ह्याच्या आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात जाऊन परंपरागत कृषी विकास योजनेत किंवा डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनमध्ये तुमच्या परिसरात एखादा गट तयार होत आहे का, याची चौकशी करावी. गट असेल तर त्यात सामील व्हावे, नसेल तर त्या शेजाऱ्यासह पाच जण जमवून पीजीएसची नोंदणी करावी. निर्यातदाराची मागणी आली तर पुढे शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत समूह म्हणून एनपीओपीकडे जाता येईल, आणि त्या वेळी आजपासून लिहिलेली वहीच उपयोगी पडेल. कार्यालयात जाताना सातबारा, आठ-अ, नकाशा आणि उसाला शेवटचा युरिया कधी दिला त्याची खरेदी पावती एवढे सोबत न्यावे.